ओळ कुठं तोडायची

दसरा झाला की नांदेडच्या वाऱ्याला भुशाचा वास येतो. शहरातल्या माणसाला तो कळत नाही, त्याला वाटतं कुठं रस्त्याचं काम निघालंय. मला कळतो. अर्धापूरच्या अंगाला केळीच्या बागा संपल्या की मधल्या रानांत सोयाबीन, आणि सोयाबीन म्हणजे मळणी मशीन. सकाळी लेकीच्या गच्चीवर राखुंडी लावून दात घासायला उभा राहिलो की लांबून त्याचं गुरगुरणं येतं. तोंडात पेंढी गेली की ते खाकरतं, किंचाळतं, हाडं चावल्यासारखं करतं आणि परत गुरगुरायला लागतं. माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळते. अजून वळते.

सुगी म्हणजे आनंद, असं पुस्तकात लिहितात. लिहिणाऱ्यानं सोयाबीन कापलेलं नसतं. दिसायला हे पीक गरीब, वागायला कसाई. वाळल्या शेंगेचं टोक सुईसारखं. पहिल्या दिवशी बोटं फाटतात, दुसऱ्या दिवशी मनगटं, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या. कापल्यावर जमिनीत जे बुडखे राहतात ते चप्पल फोडून टाचेत शिरतात. ऊन चढलं की शेंगा उभ्याउभ्याच तडकतात, रानभर कुणी दात खात बसल्यासारखा आवाज होतो. मध्येच एखादा साप विळ्याखाली येतो आणि दोन तुकडे होऊन दोन्हीकडं वळवळतो. बाया ओरडत नाहीत. विळा पदराला पुसतात आणि पुढची मूठ धरतात.

मी चौथी शिकलेला माणूस. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका खेड्यात जन्म गेला. मशीनच्या तोंडाशी उभं राहून पेंढ्या सोडायचं काम माझं. स्वतःच्या रानात आणि दुसऱ्याच्याबी. त्या कामाला ताकद लागते असं लोकांना वाटतं. लागतो कान. पेंढी जास्त कोंबली की आतला ढोल गुदमरतो. कमी सोडली की मोकळा फिरतो आणि दाणा फोडतो. आवाज जरा जड झाला की हात आखडायचा, हलका झाला की सैल सोडायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पेंढी सोडायची कधी. जरा उशीर केला तर पेंढीबरोबर हात जातो. आमच्या भागात तसली दोन-चार थोटी माणसं प्रत्येक गावात दिसतील.

हे सगळं सांगायचं कारण कविता आहे. हसू नका.

मागच्या सुगीत माझी बायको शिवकांता गेली. लेक महानंदा मला नांदेडला घेऊन आली. ती इथं कॉलेजात मराठी शिकवते आणि मुक्तछंदात कविता लिहिते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिच्या पुढच्या खोलीत सात-आठ कवी जमतात, चहा पितात आणि एकमेकांच्या कविता फाडतात. पहिल्यांदा मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर वाचायला उठले. वाचता वाचता ते मध्येच थांबत. ‘आणि’ म्हणत, थांबत. ‘मग’ म्हणत, थांबत. मला वाटलं इसरले.

म्हणलं, “आठवंना का साहेब?”

सगळे हसले. महानंदा म्हणाली, “अप्पा, ती ओळ तोडलीय त्यांनी.”

“कशानं?”

“श्वासानं. जिथं श्वास संपतो तिथं ओळ तोडायची.”

“मंग दमेकऱ्यानं काय एकेक अक्षर लिवायचं?”

कंडक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, “लिवलं तर बरंच हाय काका. आमच्यातले काही जण दमच घेत न्हाईत. पाऊण घंटा चालतंय एकेकाचं.”

मला तो माणूस आवडला. पुढच्या रविवारची वाट मी बघायला लागलो. महानंदाच्या लक्षात आलं. तिनं एक दोनशेपानी वही आणून दिली आणि म्हणाली, “अव्वाच्या वर्षाला तुम्हीच लिवा काईतरी. समाधीपाशी वाचा.” आमच्यात आईला अव्वा म्हणतात. शिवकांता उदगीरच्या अंगाची, घरात अर्धी कानडी तिनंच आणली.

मी चार दिवस बसलो आणि लिहिलं:

शिवकांता माझी गुणांची खाण,
हसत हसत सोडला प्राण.

खाली अजून बारा ओळी होत्या, सगळ्या टाळ-मृदंगावर बसतील अशा. महानंदानं दोनच वाचल्या. लाल पेन हातात होता, तो तिनं टोपण लावून खाली ठेवला.

“अप्पा, अव्वा हसत गेली का?”

“न्हाई.”

“मंग?”

“खाणला प्राण जुळलं.”

मला तिची अव्वा कशी गेली ते परत दिसलं. दोन दिवस ती नुसती हवा ओढत होती. लोहाराचा भाता फाटल्यावर जसा आवाज करतो तसा आवाज. नळीतून रगत यायचं. शेवटी तोंड उघडंच राहिलं, ते मी हनुवटीखालून फडकं बांधून मिटवलं. गाठ कानावर येत होती म्हणून दोनदा सोडून बांधली. आणि इकडं मी लिहिलं होतं हसत हसत. यमक आधीच येऊन जागा धरून बसतं, मग खऱ्याला बसायला जागाच राहत नाही. ते भरल्या एसटीत उभं राहतं, आणि पुढच्या थांब्याला उतरून जातं.

“यमक सोडा,” महानंदा म्हणाली. “जसं झालं तसं एकेक ओळ ठेवा. एकाखाली एक. बनीम रचता तशी.”

बनीम म्हणजे कापलेल्या सोयाबीनची गंजी. हा शब्द तिनं सहज काढला की मुद्दाम, ते मला त्या वेळी कळलं नाही.

मुक्तछंद काही मला नवा नव्हता, नाव नवं होतं. आमच्या मठात जुने अय्या, म्हणजे जंगम पुजारी, वचनं म्हणायचे. कानडीतली, जुनी. त्याला ना टाळ्या पडायच्या जागा, ना शेवट जुळायचे. बोलल्यासारखं बोलत जायचे आणि एकदम थांबायचे. त्या थांबण्यात दगड मारल्यासारखं लागायचं. मला अर्धं कळायचं, शिवकांताला सगळं. घरी येताना मी विचारायचो, “काय मनले गं?” ती सांगायची, आणि सांगताना तिचंसुद्धा शेवटचं वाक्य असंच मध्ये तुटायचं. बाकीचं ती पदरात ठेवायची.

बनीमसारखी रचायला बसलो. पण बनीम रचायला सोपी नसते. शेंगा आत, बुडखे बाहेर. उलटी रचली तर पावसात सगळा माल कुजतो. बाहेर टोचरं ठेवायचं, आत दाणा झाकायचा. मुक्तछंदात मला वाटतं उलटं करावं लागतं. दाणा उघडा टाकावा लागतो. कोण येऊन तुडवील, भिजवील, पेटवील, ते तुमच्या हातात राहत नाही.

मी काय झाकत होतो ते सांगायला आधी तिची माती सांगावी लागेल.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला खड्ड्यात मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, आणि जन्मभर गळ्यात असलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. रोजच्या पूजेला ते जसं हातावर घ्यायचं तसंच. शिवकांताला आमच्याच रानात, आंब्याच्या खालच्या अंगाला बसवलं. अय्या तरुण होते, मठात नवीन आलेले. त्यांनी तिचा डावा हात उलटा करायला घेतला. मनगट फिरेना. लिंग ठेवलं, ते घरंगळून मांडीवर पडलं. परत ठेवलं, परत पडलं. त्यांनी जोर लावला. करकर आवाज आला. काठावरच्या बायांनी तोंडं फिरवली.

अय्यांनी वर बघून विचारलं, “आईच्या हाताला काय झालतं?”

मी म्हणलो, “मशीनच्या पट्ट्यात गेलता.”

तिच्या तोंडाला बांधलेलं फडकं माझ्या हातात होतं, आणि मी हे म्हणलो. काठावर महानंदा उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. माझा चुलत भाऊ विश्वनाथ खड्ड्यात उतरला, त्यानं बेलाच्या पानांची जुडी करून शिवकांताच्या मनगटाखाली सारली, तेव्हा कुठं लिंग हातावर ठरलं. मग आम्ही माती लोटली. मीठ, विभूती, माती. आधी मांडी दिसेना, मग हात, मग तोंड. खोरं माझ्या हातात दिलं तेव्हा मी तिघांच्या जोरानं ओढलं. कुणी तरी म्हणलं, “हळू वो अप्पा.” मला तो हात लवकर झाकायचा होता.

आता ती सुगी.

महानंदा सातवीत होती. कापणी झाली होती, चार एकराची बनीम रानात रचून ताडपत्री टाकलेली. विश्वनाथचं आणि माझं बांधावरून पेटलं होतं. त्यानं मला पारावर, चार लोकांत, ‘बांध कोरणारा’ म्हणलं. खरं तर मी नांगराचे दोन तास त्याच्या अंगाला कोरले होते, पण खऱ्याचाच राग जास्त येतो. बाजाराचा दिवस होता. दुपार कलताना शिरूरहून परत येत होतो, तर तलावाच्या वळणावरून आमच्या रानात धूर दिसला.

पळालो. बनीम पेटली होती ती आतून बाहेर. ताडपत्री वितळून काळे थेंब गळत होते, आणि दाणे फुटत होते, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे, हजारांनी. तेलाचा वास. ऊन आणि जाळ एक झालेला. विश्वनाथ माझ्या आधीच तिथं होता, हातात बादली, भुवया जळालेल्या, विहिरीपासून बनीमीपर्यंत धावतोय. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं, पण मन आधीच कुऱ्हाडीपाशी पोचलं होतं. मला वाटलं, लावणाराच विझवायचं सोंग करायलाय. तासाभरात राख झाली. विश्वनाथ भाजलेले हात घेऊन घरी गेला. मीबी घरी आलो.

कुऱ्हाड दाराच्या मागं असायची. ती घेऊन वळलो तर शिवकांता दारात. दोन्ही हात चौकटीला लावून.

“कुठं चाललाव?”

“बाजूला हो.”

“त्याच्या भुवया जळाल्या वो. लावणारा असा पळत येतो का विझवायला?”

“शिवकांता, बाजूला हो मनलं.”

“न्हाई होत.”

मी कुऱ्हाड फिरवली. पात्याच्या अंगानं नाही, दांड्याच्या अंगानं. तेवढी तरी अक्कल होती, असं मी स्वतःला लई वर्षं सांगत आलो. अक्कल नव्हती. ज्या अंगानं हातात आली त्या अंगानं फिरली. पातं पुढं असतं तर पातं फिरलं असतं. दांडा तिच्या डाव्या मनगटावर पडला, मनगट चौकटीवर होतं. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला. ओला आणि छोटा.

ती ओरडली नाही. डावा हात तिनं उजव्या हातात घेतला, दुसऱ्याचं तान्हं लेकरू घ्यावं तसा. दारातून बाजूला झाली. आणि म्हणाली, “आता जावा. वाट मोकळी हाय.”

मी गेलो नाही. उंबऱ्यावर बसलो. कणगीला टेकून महानंदा उभी होती, तेव्हा ती मला दिसली.

बनीम कुणी पेटवली ते आजपर्यंत कळलं नाही. कुणाची बिडी असंल. माझीच असंल. सकाळी मी तिथं बसून ओढली होती.

गावात जीप एकच, विश्वनाथची. शिवकांतानंच महानंदाला त्याला बोलवायला पाठवलं. जीपमध्ये बसताना ती म्हणाली, “मशीनच्या पट्ट्यात हात गेला.” मला न विचारता म्हणाली. लातूरच्या डॉक्टरला तेच सांगितलं, त्यानं कागदावर तेच लिहिलं. शेजारणींना तेच, माहेरी तेच. ते वाक्य आमच्या घराची आडवी तुळई झालं. त्याच्याखाली आम्ही जेवलो, झोपलो, लेकीचं लग्न केलं. मी मशीनवर परत गेलो तेव्हा लोक मला म्हणायचे, “जपून काशिनाथअप्पा, वहिनीचं बघितलंव न्हवं.” मी ‘हाव’ म्हणून मान हलवायचो.

हात जुळला, पण वाकडा. रोज पूजेला बसली की ती डावा हात मांडीवर टेकवायची, खाली फडक्याची घडी घालायची, तेव्हा लिंग ठरायचं. आणि भाकरी. आधी तिची भाकरी परातीत पडली की एकसारखा ठेका असायचा. थप थप थप थप. पारावर बसून मला कळायचं, आता चौथी चालली, आता उठावं. हात मोडल्यावर तो ठेका गेला. उजवा हात थापायचा, डाव्याला भाकरी फिरवायला जमायचं नाही, तो मागं राहायचा, मग ओढत यायचा. थप थप, मग काहीच नाही, मग एक जड थाप, मग घाईत दोन. भाकरी गोलच व्हायची. पण ऐकणाऱ्याचा श्वास मध्ये अडकायचा. मी पारावर बसणं सोडून दिलं.

तर वही. यमक सोडून मी लिहिलं आणि महानंदापुढं ठेवलं:

बनीम जळाली त्या साली
सोयाबीन गेलं
आणि मशीनच्या पट्ट्यात
शिवकांताचा हात गेला.

मला वाटलं छान तुटलंय. ‘पट्ट्यात’ म्हणून थांबायचं, मग खाली हात. कंडक्टरसाहेबांना आवडलं असतं. महानंदा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून वाचत होती. लाल पेन तिनं ‘बनीम’वर ठेवला.

“अप्पा, बनीम कशाची असती?”

“तुला ठावं न्हाई? कापलेल्या मालाची.”

“मळायच्या आधी का नंतर?”

“आधी. मळल्यावर कशाची बनीम? मळल्यावर पोती.”

पेन खाली सरकला. “मंग हे मशीन कुठून आलं?”

मी चारही ओळी परत वाचल्या.

“माल मळायच्या आधीच जळाला,” ती म्हणाली. “मळायला काई राहिलंच न्हवतं. मशीन आपल्या रानात आलंच न्हाई त्या साली. पट्टा कुणाचा होता, अप्पा?”

गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. दोघांनीबी बंद केलं नाही.

इतकी वर्षं ते वाक्य बोलण्यात होतं तोपर्यंत चालत होतं. बोलणं वाऱ्यावर असतं, मागचं पुढचं कुणी धरून ठेवत नाही. यमकात घातलं असतं तरी टाळ्यांखाली दबलं असतं. एकाखाली एक चार ओळी ठेवल्या, आणि पहिलीनं चौथीचा गळा धरला. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली, ती पहिलीपेक्षा वाईट. हे लेकीला कळतं, तर गावाला कळत नव्हतं? त्या आठवड्यात गावात एकबी मशीन आलेलं नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पारावरच्या म्हाताऱ्यांना, विहिरीवरच्या बायांना, ‘जपून’ म्हणणाऱ्यांना. मी त्यांना फसवलं असं मी समजत होतो, आणि ते सगळे मिळून शिवकांताची अब्रू धरून उभे होते. माझी नाही. तिची.

महानंदा म्हणाली, “खरं लिवा. न्हाईतर वर्षाला काई वाचू नका. हार घाला आणि बसा. पण ते पट्ट्याचं पुन्हा तिच्या मातीपाशी मनलाव ना अप्पा, तर मी तुमच्या संगं नांदेडला परत येणार न्हाई. तुमी बी येऊ नका.”

ती शिकवते तशा आवाजात म्हणाली, वर न चढवता. माझ्याकडं आता एवढी एकच आहे. वर्षाला दोन आठवडे उरले होते.

मारामारी सोपी असते. हात उचलला की झाली. ती लिहायला बसलं की हात उचलतच नाही. पहिल्यांदा लिहिलं, हात मोडला. कुणाचा मोडला ते आलं, कुणी मोडला ते नाही. खोडलं. मग लिहिलं, रागाच्या भरात दांडा लागला. जसा काय दांडा एकटाच घरात हिंडत होता. खोडलं. मग एक लांबलचक ओळ लिहिली, त्यात बनीम, धूर, बाजार, बांध, सगळं घातलं आणि अगदी मधोमध ‘मी’ बसवला, गर्दीत पाकीटमार उभा राहतो तसा. रविवारी कंडक्टरसाहेबांना एकट्याला दाखवली. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी बोट फिरवत वाचली आणि म्हणाले, “काका, हितं एक जण बिगर तिकीट बसलाय. त्याला खाली उतरवा.”

मी त्याला खाली उतरवला. एका ओळीवर एकटा. शेजारी कुणी नाही, मागं राग नाही, पुढं धूर नाही. त्या ओळीकडं बघितलं आणि वही मिटली, मग परत उघडली. ओळ श्वास संपला की तोडायची असं ते म्हणतात. मी म्हणतो, जिथं पळून जायला जागा दिसते त्याच्या एक शब्द आधी तोडायची. मशीनच्या तोंडाशी पेंढी सोडायची असते तिथं ती न सोडता उभं राहायचं. जाऊ दे हात गेला तर.

वर्षाच्या दिवशी सकाळी आम्ही आंब्याखाली जमलो. अय्या, विश्वनाथ, त्याच्या घरचे, भावकीतली दहा-पंधरा माणसं. शेजारच्या रानात मशीन चालू होतं, भुसा उडून समाधीवरच्या विभूतीवर बसत होता. विश्वनाथ आता काठीवर चालतो. म्हणाला, “दादा, मशीन थांबवायला सांगू का त्यांला?”

म्हणलं, “नगं. चालू दे.”

वही उघडली. चष्मा पुसला. वाचलं:

बनीम जळाली.
मशीन अजून गावात आलं नव्हतं.
विश्वनाथच्या भुवया जळाल्या होत्या,
मला ते दिसत होतं.
ती दारात आडवी उभी राहिली.
मी
कुऱ्हाडीचा दांडा फिरवला.
ती म्हणाली, आता जावा.
वाट मोकळी आहे.
मी तिथंच बसलोय.
तिचा एक हात मोडला.

‘मी’ नंतर थांबलो तेव्हा मशीननं नेमकी मोठी पेंढी घेतली आणि किंचाळलं. मी ते संपेपर्यंत थांबलो. वाचून झाल्यावर अय्यांनी खाली मान घातली. मागचा तो हात त्यांना आठवला असणार. एक म्हातारी उठली, समाधीवरचा भुसा पदरानं झाडला आणि परत जागेवर बसली.

विश्वनाथ म्हणाला, “मशीन मीच सांगितलतं की दादा. दोघांच्या रानासाठी. चार दिवसांनी यायचं होतं.”

“मंग तू बोलला न्हाईस?”

“जीपमध्ये वहिनी मनली, पट्ट्यात गेला. मी मनलो, बरं.” त्यानं काठीनं मातीत एक रेघ ओढली. “तिला एकदा बरं मनलं, मंग कुणापुढं काय बोलायचं?”

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवला असता तर मी सहन केला नसता.

महानंदाकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. ती पुढं चालत घरी गेली. मी मागून, सावकाश. घरी येऊन ओसरीत भिंतीला टेकून बसलो. आत चूल पेटल्याचा वास आला. नांदेडला तिच्याकडं स्वयंपाकाला बाई आहे, पोळ्या असतात. भाकरीचा आवाज टाळायची सवय लागल्यावर लेकीला थापताना मी कधी ऐकलेलंच नव्हतं.

आतून आवाज आला. थप थप. मग काहीच नाही. मग एक जड थाप. मग घाईत दोन.

उठलो, भिंतीला धरत दारापर्यंत गेलो. त्याच चौकटीपर्यंत. महानंदा परातीपुढं बसली होती. बाह्या वर केलेल्या. दोन्ही मनगटं सरळ, धड, बांगड्यांसकट. उजवा हात थापत होता, आणि डावा मागं राहत होता. मग ओढत येत होता.

म्हणलं, “असं का थापतीस?”

तिनं वर बघितलं. “कसं?”

“असं. अडखळत.”

“असंच थापतात की अप्पा. अव्वानं शिकवलं. तिचं प्लास्टर निघालं तवा शेजारी बसवून शिकवलं मला.” आणि परातीकडं वळली. थप थप. काहीच नाही. थाप.

तिला ठाऊक नव्हतं. कॉलेजात कविता शिकवते, ओळ कुठं तुटते ते दुसऱ्याला सांगते, आणि तिच्या दोन चांगल्या हातांना ठाऊक नव्हतं.

मी उंबऱ्यावर बसलो. जिथं तेव्हा बसलो होतो तिथंच. वही मांडीवर घेतली.

“तुझा तो लाल पेन दे.”

“आता? जेवून घ्या की.”

“दे आधी.”

पिठाच्या हातानं तिनं पर्समधून काढून दिला. शेवटच्या ओळीतला ‘एक’ मी खोडला. त्या जागी काय लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही. तव्यावरची भाकरी फुगली, आणि तिनं ती माझ्या ताटात टाकली.